डोक्यावरचं भोक: बेनिनच्या एका पितळी शिराची पाटी लिहिताना

इंग्लंडमधल्या एका शहरी संग्रहालयात मी पाट्या लिहिते. वस्तूशेजारी लावलेले ते चार-पाच ओळींचे मजकूर लोक उभ्या उभ्या वाचतात आणि पुढे जातात. खाली मांडलेलं प्रकरण अशाच एका पाटीचं आहे. शहर, संग्रहालय आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने तपशील गाळले आहेत. शिराबद्दल आणि बेनिनबद्दल लिहिलेलं मात्र जसंच्या तसं आहे.

पार्श्वभूमी

आधी नावांचा घोळ निस्तरते, कारण मीही सुरुवातीला त्यात अडकले होते. इथला एडो म्हणजे जपानचा एडो काळ नव्हे. आणि इथलं बेनिन म्हणजे आजचा बेनिन नावाचा देशही नव्हे. त्या देशाचं नाव १९७५ पर्यंत दाहोमी होतं. आपलं बेनिन म्हणजे दक्षिण नायजेरियातल्या एडो लोकांचं जुनं राज्य. त्याची राजधानी बेनिन सिटी आजही नांदती आहे, तिथला राजा, म्हणजे ओबा, आजही गादीवर आहे आणि ओतकाम करणाऱ्या कारागिरांची इगुन नावाची गल्लीही तिथेच आहे.

या कारागिरांच्या संघाला इगुन एरोन्म्वोन म्हणतात. परंपरा सांगते की ओबा ओगुओलाने इफे नगरीतून इगुएघा नावाचा ओतारी मागवला आणि त्याच्यापासून ही विद्या बेनिनमध्ये रुजली. पद्धत आपल्याकडच्या मधूच्छिष्टाचीच. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यात सगळी नक्षी करायची, वर पुन्हा माती लिंपायची, तापवून मेण काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. ही कामं फक्त ओबासाठी किंवा त्याच्या परवानगीनेच होत.

आमच्या संग्रहालयात अशा कामाचं एक शिर आहे. हातभराहून थोडं कमी उंच, पण उचलायला दोन माणसं लागतात. हनुवटी झाकून थेट खालच्या ओठाला भिडणारा मण्यांचा उंच गळपट्टा, डोक्यावर मण्यांचीच जाळीदार टोपी, कानांवरून लोंबणाऱ्या माळा, आणि तळाला बाहेर आलेली रुंद कडा. त्या कडेवर उठावात चित्रं आहेत: बिबट्या, मासा, गुराचं डोकं, आणि टोकाला माणसाचा हात असलेली हत्तीची सोंड, त्या हातात पानं. डोळ्यांच्या बाहुल्या लोखंडाच्या जडवलेल्या. लोखंडाला गंज चढून डाव्या डोळ्याखाली एक तपकिरी ओघळ गेला आहे.

ते शिर आमच्याकडे आलं एका नौदल अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडून, १९३० च्या दशकात, भेट म्हणून. तो अधिकारी १८९७ च्या मोहिमेवर होता. त्या वर्षी जानेवारीत, ओबाने सध्या येऊ नका असा निरोप पाठवलेला असतानाही, ब्रिटिशांची एक तुकडी बेनिन सिटीकडे निघाली. वाटेत तिच्यावर हल्ला झाला आणि तुकडीतले बहुतेक जण मारले गेले. फेब्रुवारीत नौदलाने चाल करून शहर घेतलं. राजवाडा जळाला आणि तिथल्या हजारो वस्तू ब्रिटनमध्ये आल्या. ओबा ओव्होनरामवेनला कालाबारला हद्दपार केलं. १९१४ मध्ये तो तिथेच वारला.

अडचण

दालनाची नव्याने मांडणी ठरली आणि हे शिर मधोमध ठेवायचं असं निश्चित झालं. दालनाचा विषय होता सत्तेची चिन्हं. जुनी पाटी काढून मला नवी लिहायची होती, आणि तीही ६० शब्दांत. जुनी पाटी साधारण अशी होती: राजाचं शिर, कांस्य, सोळावं शतक, बिबट्या म्हणजे शक्ती, मासा म्हणजे समृद्धी.

इतक्याशा मजकुरात चुका किती असाव्यात! पहिली धातूची. जगभर या वस्तूंना बेनिन ब्राँझ म्हणतात, पण त्यातल्या बऱ्याचशा पितळेच्या आहेत. काशाची वाटी आणि पितळेचा तांब्या यांतला फरक मराठी घरात कुणाला समजावावा लागत नाही: काशात तांब्याबरोबर कथील, पितळेत जस्त. आमच्या शिराची क्ष-किरणांनी तपासणी केली तेव्हा तांबं, जस्त आणि थोडं शिसं निघालं. हा फरक फक्त रसायनशास्त्राचा नाही. पोर्तुगीज व्यापारी पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे पितळी कड्यांच्या राशी घेऊन जात. या कड्यांना मनिला म्हणत आणि व्यवहारात ती चलनासारखी चालत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका धातुअभ्यासातून दिसलं की पोर्तुगिजांच्या जुन्या मनिलांचं पितळ जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या खनिजाचं होतं, आणि बेनिनच्या ओतकामातला धातू त्याच्याशी जुळतो. त्या कड्यांनी माणसंही विकत घेतली गेली. ओबाच्या शिरातल्या धातूला हा इतिहास चिकटलेला आहे, आणि पाटीवर कांस्य लिहिलं की तो पुसला जातो.

दुसरी चूक काळाची. उंच गळपट्टा आणि तळाची रुंद कडा ही नंतरच्या शिरांची खूण आहे. जुनी शिरं लहान, पातळ ओतलेली आणि हनुवटी उघडी असलेली असतात. आमचं फार तर अठराव्या शतकाच्या आसपासचं. सोळावं शतक का लिहिलं गेलं हे समजणं अवघड नाही. युरोपच्या जुन्या कलाभ्यासकांना पातळ, नाजूक शिरं श्रेष्ठ वाटत आणि जड शिरं म्हणजे कलेची उतरती कळा. त्यामुळे वस्तू जितकी जुनी ठरेल तितका तिचा मान. पण राजवाड्याच्या बाजूने पाहिलं तर जडपणा म्हणजे जास्त पोवळं, जास्त पितळ आणि मोठा भार पेलण्याची ताकद. ही उतरती कळा आहे असं मला वाटत नाही.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, आणि ती मला पाटीचा पहिला मसुदा होईपर्यंत दिसलीच नाही. त्या मसुद्यात मीही चिन्हांची यादीच केली होती, फक्त जरा बरी. मग एक दिवस जतन विभागातल्या सहकारी बाईंनी शिर चौथऱ्यावरून उतरवून टेबलावर ठेवलं आणि मी पहिल्यांदा ते वरून पाहिलं. टोपीच्या मधोमध मुठीएवढं गोल भोक होतं. कडा ओतलेली, मुद्दाम केलेली. आत अंधार आणि बाजूला भाजलेल्या मातीचे कण. आमच्या नोंदवहीतले सगळे फोटो समोरून काढलेले, आणि चौथरा इतका उंच की कुठल्याही प्रेक्षकाला ते भोक कधी दिसलंच नसावं.

त्या भोकात हत्तीचा दात बसतो. वडील ओबाच्या नावाने राजवाड्यात मातीची अर्धगोल वेदी असते, तिच्यावर अशी शिरं मांडलेली असतात आणि प्रत्येक शिरातून एक पुरा कोरलेला हस्तिदंत वर वळत गेलेला असतो. त्या दातावर ओळीने ओबा, सरदार, पोर्तुगीज, बिबटे, मासे. दात कोरणारा संघ वेगळा, इगबेसानम्वान. वेदीवर घंटा असतात आणि उखुरे नावाच्या लांब खुळखुळत्या काठ्या, ज्या जमिनीवर आपटून पितरांना हाक दिली जाते. म्हणजे आमच्या दालनातलं हे शिर मुळात एका मोठ्या मांडणीचा तळचा भाग होतं. दात गेला, वेदी गेली, शेजारची शिरं वेगवेगळ्या देशांत पांगली, आणि उरलेल्या तुकड्याला आम्ही पुतळा म्हणत होतो.

माझ्या मनात तेव्हा आला आजोळचा देव्हारा. तिथे पितरांचे चांदीचे टाक आहेत, पिढ्यानपिढ्या धुऊन नाकडोळे झिजलेले. उद्या कुणी त्यातला एक टाक उचलून काचेत ठेवला आणि खाली लिहिलं, चांदीचं पदक, स्वार म्हणजे शौर्य, तर ते खोटं असेल असं नाही. पण त्यातून काय कळलं?

चिन्हं खरंच काय सांगतात

हा भाग पाटीत मावला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

शिराला एडो भाषेत उहुन्म्वुन एलाओ म्हणतात, आणि ते घडवून घेतो तो मुलगा. नवा ओबा गादीवर आला की वडिलांची वेदी उभारणं आणि तिच्यासाठी पितळी शिर ओतवून घेणं हे त्याच्या पहिल्या कर्तव्यांपैकी एक. त्यामुळे चेहरा हुबेहूब नसतो. भर तारुण्यातला, सुरकुती नसलेला, सगळ्यांसारखाच असतो. ते शिर वडिलांचं, पण त्यातून बोलतो वारस: याच्यानंतर मी. हा कोणता ओबा, असं आमच्या विभागप्रमुखांनी तीनदा विचारलं. माझ्या मते हा प्रश्नच या वस्तूला लागू पडत नाही.

गळपट्ट्याचे मणी पोवळ्याचे आहेत, पितळेत दाखवलेले. खऱ्या पोवळ्याच्या या गळपट्ट्याला ओदिग्बा म्हणतात. पंधराव्या शतकातल्या ओबा एवुआरेने समुद्राचा देव ओलोकुन याच्या महालातून पोवळं आणलं अशी कथा आहे. पोवळं अंगावर असताना ओबाने उच्चारलेला शब्द खरा होतो, अशी श्रद्धा. पत्रिकेतल्या मंगळासाठी बोटात पोवळं घालणाऱ्या आपल्या लोकांना यात फार परकं काही वाटू नये. फरक इतकाच की तिथे पोवळं मिरवण्याचा मान ओबाकडूनच मिळतो.

बिबट्या म्हणजे शक्ती, हे अर्धवट आहे. त्या रानात वाघ नाही. बिबट्याच रानाचा राजा. ओबाला घरचा बिबट्या म्हणतात. बिबट्या मारण्याचा अधिकार फक्त ओबाचा, आणि माणसाला देहदंड देण्याचाही फक्त त्याचाच. कडेवरचा तो छोटा प्राणी जीव घेण्याच्या अधिकाराबद्दल बोलतो. ते वाचून प्रेक्षकाला थोडं अस्वस्थ वाटलं पाहिजे.

मासा म्हणजे समृद्धी, हेही अर्धवटच आहे. तो चिखलात राहणारा, पाण्याबाहेरही तग धरणारा, आपल्याकडच्या मागुराच्या जातकुळीचा. पाणी ओलोकुनचं, जमीन माणसांची, आणि हा दोन्हीकडे चालतो. ओबाही तसाच. काही मूर्तींमध्ये ओबाच्या पायांच्या जागी असे दोन मासे असतात. त्यांचा संबंध पाय लुळे पडलेल्या ओबा ओहेनच्या कथेशी जोडतात. काही अभ्यासकांना या माशात विजेचा झटका देणारा मासा दिसतो. तसं असेल तर हात लावताच फटका देणारा राजा, हाही अर्थ त्यात आला.

समोरचे पर्याय

बैठकीत चार पर्याय आले.

पहिला, जुन्याच मांडणीत चुका दुरुस्त करायच्या. स्वस्त आणि लवकर होणारा. दुसरा, वेदी उभारायची: मातीसारखा दिसणारा चौथरा, घंटांच्या प्रतिकृती, आणि भोकात आमच्याच कोठारातला एक साधा, न कोरलेला हस्तिदंत. हा पर्याय मला फार आवडला होता, हे कबूल करते. तिसरा, शिर दालनातून काढून कोठारात ठेवायचं आणि मालकीचा प्रश्न सुटेपर्यंत दाखवायचंच नाही. चौथा पर्याय जतन विभागातल्या बाईंचा: शिर खाली, गुडघ्याच्या जरा वर ठेवायचं, म्हणजे प्रेक्षक त्याच्याकडे वरून बघेल आणि भोक सगळ्यात आधी दिसेल. ते रिकामंच ठेवायचं.

दुसऱ्या पर्यायावर निर्णय होता होता राहिला. कोणी तरी विचारलं, शहरात एडो कुटुंबं आहेत, त्यांना विचारलं का? विचारलं नव्हतं.

काय केलं

दोघांना बोलावलं: एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचा भाचा. त्यांनी शिर पाहिलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मी मोठ्या उत्साहाने वेदीचं रेखाचित्र पुढे केलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, इथे नैवेद्य कोण दाखवणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की वेदी म्हणजे वस्तूंची मांडणी नाही, तिथे सेवा करणारा वारस असतो म्हणून ती वेदी. उपाहारगृहाशेजारच्या दालनात तिचं सोंग नको. तिसरा पर्यायही त्यांना नको होता. कोठारात ठेवलं की लोक विसरतात, असं त्या म्हणाल्या. चौथा ठरला तो तिथेच.

दुसरा निर्णय चकाकीचा. आमचं शिर काळंभोर दिसतं. दिव्याखाली पाहिल्यावर कळलं की तो काळेपणा वरच्या जुन्या लेपाचा आहे. मण्यांच्या खाचांत लाल माती होती आणि एका ठिकाणी लेप उडून खालचं पितळ पिवळं चमकत होतं. बेनिनमध्ये पितळेचं मोल त्याच्या तांबूस झळाळीत होतं. ती झळाळी सुंदर आणि भीतिदायक, दोन्ही मानली जाई. मी चिंचेने घासलेल्या समया बघत वाढले. देवाजवळचं पितळ कळकट असणं म्हणजे घरात कुणी नाही, असंच माझ्या मनात बसलेलं. त्यामुळे लेप काढावा असं मला मनापासून वाटत होतं. जतन विभागाचं म्हणणं वेगळं: लेपाबरोबर खाचांतली मातीही जाईल, आणि ती माती बहुधा बेनिनचीच आहे. शिवाय घासायचं की नाही हे ठरवायचा हक्क आमचा आहे का? आम्ही हात लावला नाही. त्याऐवजी शेजारी तशाच मिश्रणाचा पितळेचा ठोकळा बसवला, हाताने चाचपून बघण्यासाठी.

पाटीचे ६० शब्द असे वाटून दिले: पहिल्या वाक्यात भोक आणि त्यात काय होतं, दुसऱ्यात मुलाने वडिलांसाठी हे घडवून घेतलं, मग पोवळं आणि बिबट्या, शेवटी १८९७ मध्ये राजवाड्यातून लुटून आणलं. लुटून या शब्दावर दोन आठवडे गेले. विभागप्रमुखांना आणलं एवढंच पुरेसं वाटत होतं. आमच्या नोंदवहीत कुठेही खरेदीची पावती नाही, हे दाखवल्यावर शब्द राहिला. मासा गाळावा लागला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

काय झालं

लोक वाकून बघतात. पूर्वी शिरासमोर फोटो काढून पुढे जाणारे आता आधी भोकात डोकावतात आणि मग पाटी शोधतात. शाळकरी मुलं रखवालदाराला विचारतात, दात कुठंय? रखवालदारांना याचं उत्तर काय द्यायचं हे आम्ही सांगायचं विसरलो होतो. पहिला महिना त्यांनी जमेल तसं निभावलं, मग त्यांच्यासाठी वेगळं टिपण केलं.

दुसरं जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. पाटीवर लुटून हा शब्द छापला गेला आणि विश्वस्तांपुढे प्रश्न उभा राहिला: मग हे आपल्याकडे का? ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्यामुळे संग्रहातल्या वस्तू सहजासहजी देता येत नाहीत. आमच्यासारख्या संस्थांना तो कायदा लागू नाही. अबर्डीन विद्यापीठाने २०२१ मध्ये ओबाचं शिर परत केलं होतं, लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २०२२ मध्ये ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली होती. ही उदाहरणं समोर होती. २०२३ मध्ये नायजेरिया सरकारने परत येणाऱ्या वस्तूंचा मालक ओबा असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पत्र कोणाला लिहायचं यावर एक अख्खी बैठक गेली. शेवटी नायजेरियाच्या सरकारी संग्रहालय आयोगाला आणि बेनिनच्या राजवाड्याला, दोघांनाही लिहिलं. उत्तरं आली. मालकी सोडण्याचा ठराव मंजूर झाला आहे.

पुन्हा करायचं झालं तर

एडो माणसांना मसुद्याआधी बोलवेन. आम्ही रेखाचित्र तयार करून मग विचारलं, त्यामुळे त्यांना नाही म्हणण्यात वेळ घालवावा लागला. आणि त्यांच्या वेळेचे पैसे पहिल्या दिवसापासून देईन. ते आम्हाला तिसऱ्या भेटीनंतर सुचलं.

वस्तू पहिल्याच दिवशी सगळ्या बाजूंनी पाहीन. फोटोवरून पाटी लिहिणं ही माझी चूक होती.

६० शब्दांची मर्यादा मोडायला भांडेन. ती सगळ्या पाट्यांना सारखी ठेवली होती, चहाच्या कपालाही आणि या शिरालाही. निदान मासा तरी आत आला असता.

चकाकीचा निर्णय मी आजही बदलणार नाही. पितळेच्या ठोकळ्याला मात्र आम्ही महिन्यातून एकदा पॉलिश करायचं ठरवलं होतं, त्याची गरज पडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी तो आपोआप लख्ख झाला आहे. काळ्या शिराशेजारी तो इतका तांबूस दिसतो की काही जण तोच बेनिनचा समजतात.

शिरासाठी लाकडी पेटी बनवायला दिली आहे. पेटी करणाऱ्याने पाठवलेल्या अर्जात एक रकाना आहे: वस्तूची वरची बाजू कोणती. मी लिहिलं, जिथे दात बसतो ती.